तोंड आले म्हणून गोळी सोडू नये

'तोंड येणे' हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्दप्रयोग आहे. तोंड तर माणसाला जन्मापासूनच असते. मग ते मधूनच येते कोठून, असा प्रश्न एखाद्या परभाषिकाला पडावा. आपल्याला मात्र तो पडत नाही. आमच्या पालमला कोणाचे तोंड आले की घरातली वडीलधारी बाई तपासल्यावाचूनच निदान सांगते, "उष्णता झाली." मग जाईचा पाला चघळायला मिळतो, गुलकंद येतो, रात्री तळपायांना तूप चोळले जाते, आणि औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची पट्टी आणली जाते. आठ-दहा दिवसांत तोंड बरे होते व त्याचे श्रेय ज्याच्या त्याच्या उपायाला मिळते. यात फारसे काही बिघडत नाही, कारण साधे व्रण तेवढ्या दिवसांत आपोआपच भरून येत असतात.

परंतु काही माणसांच्या बाबतीत मात्र हे निदान महागात पडू शकते. ज्यांच्या शरीरात दुसऱ्याचे मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय बसवलेले आहे, ती ही माणसे. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. वैद्यकाशी माझा संबंध दुरूनसुद्धा येण्याचे कारण नव्हते. तो आला माझ्या मामांमुळे. म्हणून त्यांची हकीकत थोडक्यात सांगून मग मूळ विषयाकडे वळते.

मामांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. दीड वर्ष आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नांदेडच्या वाऱ्या केल्यावर मामींनी आपले एक मूत्रपिंड त्यांना दिले. छत्रपती संभाजीनगरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ती उत्तम पार पडली. वर्षभर सर्व ठीक चालले. दुसऱ्या वर्षी डॉक्टरांनी एक गोळी बदलून तिच्या जागी 'सिरोलिमस' नावाची नवी गोळी सुरू केली. तीन आठवड्यांनी मामांचे तोंड आले. जिभेच्या कडांना आणि ओठांच्या आत पांढरे-पिवळे फोड आले. ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा त्यांवर करवतीसारखा लागे. मामा म्हणाले, "गोळ्या गरम पडायल्यात. चार दिवस बंद करून बघतो." चाराचे आठ दिवस झाले. तोंड जरा उतरले, तसा त्यांचा विश्वासही वाढला. मधे रुग्णालयातून फोन आला, "काही त्रास आहे का?" तेव्हा मामांनी "काही नाही" असे सांगितले. ते खोटे बोलले नव्हते. तोंड येणे हा त्यांच्या लेखी आजारच नव्हता!

पुढच्या तपासणीत रक्तातील क्रिएटिनिन, जे १.४ असे, ते २.३ निघाले. शरीराने मामींच्या मूत्रपिंडावर हल्ला सुरू केला होता. तीन दिवस शिरेतून स्टेरॉइडची जबरदस्त मात्रा द्यावी लागली. हल्ला थांबला, पण क्रिएटिनिन १.७ वर येऊन तेथेच राहिले. १.४ पुन्हा दिसले नाही. दिलेल्या मूत्रपिंडाचा काही भाग कायमचा गेला, आणि तो गेला तोंडातल्या हरभऱ्याच्या डाळीएवढ्या चार फोडांपायी. हे असे का व्हावे, ते समजून घेण्याच्या खटाटोपातून हा लेख तयार झाला आहे.

आता मुळापासून पाहू. आपले शरीर परक्या वस्तूला थारा देत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी आपले कोण आणि परके कोण हे अचूक ओळखतात आणि परक्यावर तुटून पडतात. जंतूंच्या बाबतीत हे आपल्या हिताचेच असते. परंतु दुसऱ्याचा जीवदान देणारा अवयव आणि रोग देणारा जंतू यांच्यातील फरक त्यांना कळत नाही. दोन्ही त्यांना सारखेच परके. दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या माणसांवर दुसऱ्याची कातडी लावण्याचे प्रयत्न झाले. ती कातडी गळून पडे आणि त्याच दात्याची कातडी पुन्हा लावली तर पहिलीपेक्षाही लवकर गळे. पीटर मेडावर आणि टॉमस गिब्सन यांनी १९४३ साली ही गोष्ट मांडली. याचा अर्थ असा, की शरीर परक्याला नुसते नाकारत नाही, तर त्याची आठवणही ठेवते. मेडावर यांना पुढे १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणूनच मूत्रपिंडारोपणाचे पहिले यश मिळाले ते सख्ख्या जुळ्यांमध्ये. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक याचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवले. दोघे एकाच बीजाचे असल्यामुळे रिचर्डच्या शरीराला ते परके वाटलेच नाही. पण प्रत्येकाला जुळा भाऊ कोठून आणावा? पांढऱ्या पेशींचा पहारा औषधांनी ढिला करणे हाच एक मार्ग उरला. १९६० नंतर ॲझाथायोप्रिन हे औषध आणि त्याच्या जोडीला स्टेरॉइड वापरून हे साधू लागले. आपल्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली मूत्रपिंडारोपणाचा प्रयत्न झाला. तेथेच १९६८ च्या फेब्रुवारीत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये जिवंत दात्याचे मूत्रपिंड बसवण्यात यश आले आणि देशात या शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला.

सर्जनच्या सुरीपेक्षाही पुढची प्रगती झाली ती औषधांमुळे. आणि गंमत अशी की यांतील मोठी औषधे मातीतून आली. नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावरच्या मातीतील एका बुरशीतून सायक्लोस्पोरिन निघाले. जपानच्या त्सुकुबा भागातील मातीतल्या जिवाणूतून १९८४ साली टॅक्रोलिमस सापडले. आणि मामांचे सिरोलिमस आले ते पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावरून. त्या बेटाचे तेथल्या लोकांचे नाव रापा नुई; म्हणून या औषधाचे मूळ नाव रॅपामायसिन.

ही शेवटची कथा प्रत्येक भारतीयाने लक्षात ठेवावी अशी आहे. १९६४ साली कॅनडातून एक वैद्यकीय मोहीम त्या बेटावर गेली होती. तिने आणलेली माती माँट्रियलच्या आयर्स्ट या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत पोहोचली. तेथे डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल काम करीत होते. त्यांचा जन्म आज पाकिस्तानात असलेल्या खुशाब गावचा, शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठातले. त्या मातीतील एका जिवाणूपासून सेहगलांनी १९७२ च्या सुमारास हे द्रव्य वेगळे केले. शोध चालला होता बुरशी मारणाऱ्या औषधाचा, आणि हे द्रव्य बुरशी उत्तम मारीतही होते. पण ते शरीराची प्रतिकारशक्तीही दाबून टाकते, असे आढळले. बुरशीच्या औषधात हा दोषच! काम बाजूला पडले. १९८० नंतर माँट्रियलची प्रयोगशाळा बंद होऊ लागली, तेव्हा सेहगलांनी त्या जिवाणूच्या काही कुप्या आपल्या घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवल्या आणि अमेरिकेला जाताना बरोबर नेल्या. पुढे कंपनीचे व्यवस्थापन बदलल्यावर त्यांनी पुन्हा पाठपुरावा केला, आणि १९९९ साली सिरोलिमसला मूत्रपिंडारोपणासाठी मान्यता मिळाली. जो दोष म्हणून टाकून दिला होता तोच गुण ठरला. २००३ साली सेहगलांचे निधन झाले.

या कथेतच आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. औषधाला आपला 'परिणाम' आणि 'दुष्परिणाम' यांतला फरक माहीत नसतो. तो फरक आपण आपल्या गरजेप्रमाणे करतो. सिरोलिमस पेशींच्या आत असलेल्या एका कळीला धरून बसते. ही कळ पेशीला सांगते, "वाढ, आणि एकाच्या दोन हो." शास्त्रज्ञ तिला 'एमटॉर' म्हणतात; हे नावसुद्धा रॅपामायसिनवरूनच पडले आहे. पांढऱ्या पेशींना परक्या अवयवावर चालून जायचे तर आधी आपली फौज वाढवावी लागते. कळ दाबून धरली की फौज वाढत नाही आणि मूत्रपिंड वाचते. हा झाला परिणाम.

पण तीच कळ शरीरातील इतर पेशींतही असते. तोंडाच्या आतले अस्तर अतिशय नाजूक आहे. दात लागतो, भाकरीचा कडक तुकडा घासतो, गरम चहाने पोळते. असे बारीक ओरखडे आपल्याला रोज होतात, ते जाणवतही नाहीत, कारण तेथील पेशी अंगावरच्या कातडीपेक्षा बऱ्याच वेगाने नव्या होतात आणि ओरखडा भरून काढतात. वाढीची कळच दाबलेली असली तर ही दुरुस्ती मंदावते आणि ओरखड्याचा व्रण होतो. हा झाला दुष्परिणाम. याच कारणाने सिरोलिमस घेणाऱ्याची शस्त्रक्रियेची जखमही उशिरा भरते, आणि म्हणून पुष्कळदा ते शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू न करता काही काळाने सुरू करतात. सिरोलिमसचे भावंड असलेल्या एव्हरोलिमसचेही असेच. मायकोफेनोलेट आणि ॲझाथायोप्रिन या गोळ्यांनीही काहींचे तोंड येते. सायक्लोस्पोरिनची तऱ्हा निराळी. त्याने हिरड्या सुजून दातांवर वाढत येतात.

सिरोलिमसचे व्रण ओळखता येतात. ते गोल, काठ स्पष्ट असलेले, मध्ये पांढरट-पिवळे आणि भोवती लाल कडे असलेले असतात. ओठांच्या व गालांच्या आत, जिभेच्या कडांना व खाली येतात. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत येण्याचा संभव अधिक, आणि रक्तात औषधाची मात्रा जितकी जास्त तितका त्रास जास्त. म्हणजे तोंडाचे व्रण हे पुष्कळदा औषध रक्तात जास्त झाल्याची सूचना असते. सूचना देणाऱ्याला गप्प करून काय उपयोग? ती वाचणाऱ्यापर्यंत पोहोचवली पाहिजे.

मात्र प्रत्येक व्रण गोळीचाच असे समजणेही चुकीचे ठरेल. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाच्या तोंडात बुरशीही वाढते. तेव्हा जिभेवर व गालांच्या आत दह्याच्या कवडीसारखे पांढरे थर दिसतात आणि पुसल्यास निघतात. नागिणीच्या जातीतला हर्पीस नावाचा विषाणू डोके वर काढतो. तेव्हा पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठतो आणि फुटून त्यांचे व्रण होतात. या दोन्हींची औषधे निराळी आहेत. आणि एक तिसरी, अधिक गंभीर शक्यता आहे. ही औषधे वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना ओठांच्या व तोंडाच्या कर्करोगाचा धोका इतरांहून जास्त असतो. त्यात आपल्याकडे तंबाखू-चुन्याची चिमूट आणि सुपारी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, हे पानटपरीवर उभे राहिले तर खरे वाटत नाही. आरोपण झालेल्या माणसाच्या तोंडातला जो व्रण दोन-तीन आठवड्यांत भरत नाही, तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. तंबाखू तर सुटलीच पाहिजे.

आता आपल्या घरगुती वहिवाटीकडे वळू. त्यातल्या निरुपद्रवी गोष्टींशी माझे भांडण नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश, ठेचा-तिखट बंद, दुधात कुस्करलेली भाकरी किंवा मऊ वरणभात, एवढ्याने आराम पडतो. परंतु चार गोष्टी घातक आहेत.

पहिली, गोळी स्वतःहून बंद करणे. मामांचे उदाहरण वर दिलेच आहे. यात फसवणूक अशी होते की गोळी बंद केल्यावर तोंड खरोखरच बरे वाटते. तोंडाचे व्रण दिसतात आणि दुखतात. मूत्रपिंडावरचा हल्ला दिसत नाही आणि बहुधा दुखतही नाही. तो केवळ रक्ताच्या तपासणीत कळतो.

दुसरी, दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खाणे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करतात. ज्याच्याजवळ मागून आणलेले एकच मूत्रपिंड आहे त्याने त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

तिसरी, दुसऱ्याच डॉक्टरांकडून किंवा दुकानातून भलतेच औषध घेणे. तोंडातल्या बुरशीसाठी दिले जाणारे फ्लुकोनॅझोल आणि घशासाठी दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन ही औषधे सिरोलिमस व टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी वाढवतात. क्षयावरचे रिफाम्पिसिन ती खाली पाडते. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच कुळातले आपले पपनस ही फळेसुद्धा याच कारणाने टाळायला सांगतात. म्हणून आरोपण झालेल्या माणसाने कोठेही गेल्यावर आपण कोणत्या गोळ्या घेतो हे आधी सांगावे.

चौथी, 'शक्ती वाढवणारे' काढे. कोरोनाच्या साथीपासून घरोघरी गुळवेलीचा काढा आला. मामांनाही शेजाऱ्यांनी तो प्रेमाने आणून दिला होता. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तो वाद तज्ज्ञांचा. आपण साधा विचार करावा. ज्या माणसाची प्रतिकारशक्ती मोजून-मापून, महागड्या गोळ्यांनी कमी ठेवलेली आहे, त्याला ती वाढवण्याचा काढा देणे म्हणजे एका हाताने बांध घालायचा आणि दुसऱ्या हाताने फोडायचा!

मग करावे काय? अगदी सोपे. तोंड आले की त्याच दिवशी आरोपणाच्या डॉक्टरांना कळवावे आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत गोळी चालू ठेवावी. डॉक्टर रक्तातील औषधाची पातळी तपासतात. त्यासाठी रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यायचे असते. घेतल्यानंतर दिल्यास आकडा फसवा येतो. पातळी जास्त असेल तर मात्रा कमी करतात. व्रणांवर लावायला स्टेरॉइडचे मलम किंवा गुळणीचे औषध देतात. तेवढ्याने भागले नाही तर सिरोलिमस काढून दुसरी गोळी देतात. म्हणजे गोळी कमी करणे किंवा बदलणे हाच उपाय पुष्कळदा असतो, आणि मामांनीही तेच केले, असे कोणी म्हणेल. फरक एवढाच की डॉक्टर एक पहारेकरी काढतात तेव्हा त्याच्या जागी दुसरा उभा करतात. मामांनी दरवाजा उघडा टाकला होता.

मामांचे पुढे असेच झाले. मात्रा कमी झाली, गुळणीचे औषध मिळाले आणि दहा-बारा दिवसांत तोंड बरे झाले. ते घरी आले त्या दिवशी मी गोळ्यांच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी उलगडून शब्दकोश घेऊन बसले. बारीक इंग्रजी अक्षरांत दुष्परिणामांच्या यादीत 'स्टोमॅटायटिस' असा शब्द होता. मी म्हटले, "मामा, हे इथं लिहिलंय बघा. याचा अर्थ तोंड येणे." मामा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "अगं, एवढं मराठीत लिहिलं असतं तर म्या वाचलं असतं की."

मामी चुलीपाशी होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, "आणि मला सांगितलं असतं तरी चाललं असतं. किडनी माझी होती, तोंड आलं हे तेवढं मला कळू दिलं नाही."

मामांना त्यावर उत्तर सुचले नाही. मलाही सुचले नाही. पण वाटले, आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी करण्याजोगे काम येथे आहे. औषध शोधणाऱ्यांनी शोधले, डॉक्टरांनी दिले, मामींनी तर पोटचा अवयव दिला. साखळी तुटली ती एका शब्दापाशी. डॉक्टर 'त्रास' म्हणत होते आणि मामा 'उष्णता' समजत होते. मी त्या दिवशी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मामांच्या गोळ्यांच्या डब्यावर चिकटवले: तोंड आले, जुलाब झाले, ताप आला, पायावर सूज आली, लघवी कमी झाली, तर फोन करायचा, गोळी बंद करायची नाही. खाली रुग्णालयाचा क्रमांक लिहिला.

आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी, गल्लीत किंवा नात्यात असा माणूस असेल तर हा कागद त्यालाही लिहून द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्याला विज्ञान शाखेचा प्रवेश लागत नाही.